गाण्याचा नाद आणि नोंदीची वही



आपली माझी भेट होते ती बहुधा बांधावर. बोलणे होते ते बीजप्रक्रियेचे, बोंडअळीचे, नाही तर पीक विम्याच्या अर्जाचे. आज विषय थोडा निराळा आहे. आज बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या माळ्यावर, गोणपाटाखाली किंवा पत्र्याच्या पेटीत पडून असलेल्या कॅसेटींविषयी, बंद पडलेल्या रेडिओविषयी आणि ती गाणी ज्याला एके काळी तोंडपाठ होती त्या माणसाविषयी. तो माणूस कदाचित आपणच असाल.

पन्नाशी उलटली की आपल्याकडे माणसाने गंभीर व्हावे अशी अपेक्षा असते. मुले कर्तीसवरती झाली, सून घरात आली, मग कानाशी रेडिओ धरून बसणे बरे दिसत नाही असे वाटू लागते. बायकांना तर याहून जास्त संकोच. मनात चाल घोळत असते आणि ओठ मिटलेले असतात. गाणे आवडते एवढे सांगायला एक वेळ कोणी लाजत नाही. पण या गाण्याचा संगीतकार कोण, ते कोणत्या साली आले, तबकडीवर आणि चित्रपटात कडव्यांचा फरक काय, असल्या चौकशा करणाऱ्याला गावात ‘नादिष्ट’ म्हणून मोकळे होतात. माझे सांगणे एवढेच की हा नाद लपवू नका. त्याचा उपयोग आहे, आणि आज तर त्याची घाईने गरज आहे. ती कशी, ते सांगतो.

हलकी म्हटलेली गाणी

आपल्या आवडीला कमी लेखणारे लोक फक्त गावातच असतात असे नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे कैवारी. चित्रपटांतली गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असे त्यांचे मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ऐकणाऱ्यांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज ऐकायला माणसे गोळा होऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि गाणी घरी परत आली. अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, तेव्हा पन्नाशी-साठीच्या कितीतरी माणसांना आपल्या घरातला माणूस गेल्यासारखे वाटले.

यात आणखी एक गंमत आहे. फर्माइशीच्या कार्यक्रमात एका गावाचे नाव सतत ऐकू यायचे, झुमरीतलैया. पुष्कळांना वाटे की असे गाव नसणारच, निवेदकाने रचलेले नाव असेल. पण ते खरोखर आहे. तेव्हाच्या बिहारात आणि २००० सालापासून झारखंडात, कोडरमा जिल्ह्यात, अभ्रकाच्या खाणींच्या मुलखात ते वसले आहे. तिथल्या नादिष्ट मंडळींनी पत्रामागून पत्रे पाठवून आपल्या गावाचे नाव साऱ्या देशाच्या कानावर घातले. साध्या कार्डांनी जे केले ते कोणत्या जाहिरातीने झाले नसते.

आपल्या मराठी मुलखातही हेच होते. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ सुरू केले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांच्या चाली. वर्षभर हा क्रम चालला. ज्या घरी रेडिओ, त्या घरी शेजारपाजार जमायचा. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, याच पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत लोक एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवत. आमच्या विस्तार खात्याच्या कामाची पाळेमुळे अशा प्रयोगांत आहेत. तेव्हा मन लावून ऐकणे आणि ऐकलेले लिहून ठेवणे या गोष्टी शेतकऱ्याला परक्या नाहीत.

लाखेची तबकडी, गंजाची फीत

आता थोडे यंत्राविषयी. ज्याला नाद आहे त्याला हे जाणून घ्यायला आवडते, आणि ज्याला नाही त्यालाही गंमत वाटेल.

आजोबांच्या काळातली ती जड, काळी, पडली की फुटणारी तबकडी आठवते? तिच्यातला महत्त्वाचा घटक शेता-रानातून येई. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो आणि अंगाभोवती राळेसारखा पदार्थ सोडतो. तीच लाख. ती शुद्ध करून, त्यात दगडाची बारीक भुकटी वगैरे मिसळून तबकडी दाबून काढत. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ साली स्वतंत्र संशोधन संस्था निघाली, इतके या किड्याचे मोल होते. ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटांचेच गाणे मावे. जुनी गाणी तीन मिनिटांच्या आसपास का संपतात, याचे एक मोठे कारण हे आहे. संगीतकारांना मुखडा, दोन-तीन कडवी आणि मधले वाद्यांचे तुकडे तेवढ्या जागेत बसवावे लागत. बैलजोडीला वळायला बांधावर जेवढी जागा, तेवढ्यातच वळायचे, तसे.

माझ्या पिढीचे दिवस कॅसेटचे. फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ साली आणली. आपल्या खेड्यांत ती खऱ्या अर्थाने पोहोचली १९८० नंतर. प्लास्टिकच्या पातळ फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातीच्या बारीक भुकटीचा थर असतो. आवाजाप्रमाणे त्या कणांत चुंबकत्व भरले जाते. फितीची रुंदी चार मिलिमीटरहूनही थोडी कमी, आणि तेवढ्यात स्टिरिओ कॅसेटच्या चार वाटा बसवलेल्या असतात. दोन एका बाजूच्या, दोन दुसऱ्या बाजूच्या. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. हिशेब करून पाहा. ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला ४५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ १३० मीटर फीत त्या मुठीएवढ्या डबीत गुंडाळलेली असते.

आणि रात्री लांबची स्टेशने स्पष्ट का लागायची? आकाशात फार उंचावर विद्युतभारित हवेचे थर आहेत. त्यांतला खालचा थर दिवसा सूर्याच्या उन्हाने तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी वरच्या थरापर्यंत जातात आणि तिथून परतून शेकडो कोसांवर उतरतात. पिकाला रात्रीचे पाणी देताना उशाशी ट्रान्झिस्टर लावून बसलेल्यांनी हा चमत्कार अनुभवला आहे. कारण ठाऊक नव्हते, एवढेच.

नादिष्ट माणूस कामाचा असतो

कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात असताना माझ्याजवळ दोनशे पानी वही होती. निवेदक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार अशी नावे सांगे. ती भराभर टिपून घ्यायची आणि रविवारी नीट रकान्यांत उतरवायची. मित्र मला ‘तलाठी’ म्हणत. पुढे नोकरी, बदल्या, संसार यांत ती वही ट्रंकेत गेली. दोन वर्षांपूर्वी घर आवरताना ती निघाली. मोबाइलवर त्यातले एकेक गाणे शोधून ऐकू लागलो, आणि खरे सांगतो, चाळीस वर्षांपूर्वी ऐकू न आलेल्या गोष्टी आता ऐकू येऊ लागल्या. मागे वाजणारी बासरी, कडव्यानंतर बदललेला ठेका, गायिकेने घेतलेला श्वास. मानसशास्त्राच्या अभ्यासांतही वारंवार दिसले आहे की साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी माणसाच्या आठवणीत सर्वांत पक्की बसतात. त्या गाण्यांना त्या दिवसांची माणसे, जागा, वास असे सगळे चिकटलेले असते.

तलाठी म्हटल्याचे मला आता भूषण वाटते. कारण शेतात आणि कार्यालयात मला जे थोडेफार जमले, ते त्याच सवयीने. बारकाईने पाहायचे, वेगळे दिसले की थांबायचे, तारीख घालून लिहायचे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. शिक्षण नावापुरते, जमीन थोडी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानाच्या शेतात काही लोंब्या निराळ्या रंगाच्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या सरसकट कापल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, जपल्या, पुन्हा पुन्हा पेरून पाहिल्या. त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक, चवीचा तांदूळ मिळाला. तेव्हाच्या नावाजलेल्या घड्याळावरून त्याला हे नाव पडले. दादाजी २०१८ मध्ये वारले, पण त्यांचा तांदूळ दूरदूरच्या राज्यांत पोहोचला. लोंबीकडे असे पाहणारा डोळा आणि गाण्यातली एक वेगळी जागा हेरणारा कान ही सख्खी भावंडे आहेत.

संगीतातही हेच. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी १९३१ च्या पहिल्या बोलपटापासूनच्या हिंदी गाण्यांची नोंद गोळा करून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केला. कोणते गाणे कोणी लिहिले, कोणी गायले, कोणत्या तबकडीवर निघाले, हे त्यात आहे. असे नादिष्ट नसते तर कितीतरी नावे पुसली गेली असती. त्याहून आपल्या जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. विषयवार लावल्या, म्हणणारीचे नाव आणि गाव घातले. पिठाची गिरणी आल्यावर जाती थांबली. ओव्या मात्र त्या नोंदींमुळे राहिल्या.

ऐकायचे कसे?

पुन्हा ऐकायला बसाल तेव्हा हे करून पाहा.

पहिले, ठेका मोजा. हात आपोआप मांडीवर पडतो. दोन मोठ्या ठोक्यांच्या मध्ये किती घर आहेत ते पाहा. सहा आले तर दादरा, आठ आले तर केरवा किंवा भजनी ठेका, सात आले तर रूपक. आठवडाभरात अंदाज बसतो.

दुसरे, वाद्ये ओळखा. लावणीत ढोलकी कुठे बोलते, तुणतुणे कुठे धरून ठेवते, झांज कधी येते.

तिसरे, दोन काळांची तुलना करा. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) या दोन्ही चित्रपटांत तमाशाचे जग आहे. पहिल्याचे संगीत वसंत पवारांचे, दुसऱ्याचे राम कदमांचे. दोन्हींची गाणी लागोपाठ ऐका आणि काय सारखे, काय बदलले ते चार ओळींत लिहा.

चौथे, एखादा राग धरा. भूप रागात सा रे ग प ध हे पाचच स्वर, मध्यम आणि निषाद नाहीत. हार्मोनियमवर कोणालाही वाजवून पाहता येतो. भूप गायचा तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी, आणि आपली भूपाळी मात्र पहाटेची. असे का, यावर गावातल्या भजनीबुवांशी वाद घाला. संध्याकाळ चांगली जाईल.

वहीत रकाने ठेवा ते असे: तारीख, गाणे, चित्रपट किंवा प्रकार, साल, गायक, गीतकार, संगीतकार, ठेका. आणि शेवटचा रकाना मोठा ठेवा, ‘हे गाणे प्रथम कुठे ऐकले, कोणाबरोबर’. पहिले रकाने पुस्तकांतही मिळतील. शेवटचा आपल्यावाचून कोणी भरू शकत नाही.

घरातला आवाज

आता ज्या घाईविषयी सुरुवातीला म्हटले ती.

बाजारातून आणलेल्या कॅसेटींतली गाणी आज मोबाइलवर मिळतात. त्या गेल्या तरी गाणे बुडत नाही. पण प्रत्येक गावात काही कॅसेटी अशा आहेत की ज्यांची दुसरी प्रत जगात नाही. सप्ताहातले आजोबांचे भजन, लग्नातल्या हळदीची गाणी, गावच्या भारुडाचा संच, आत्याने हसत हसत म्हटलेल्या ओव्या. एका गावी एका शेतकऱ्याने मला अशीच कॅसेट दाखवली. पत्नीला जाऊन बरीच वर्षे झालेली. मुलीच्या लग्नात तिने जात्याची पूजा करताना म्हटलेल्या ओव्या त्यात होत्या. आवाज अगदी खोल, कोंडल्यासारखा येई, म्हणून त्यांनी ती फक्त जपून ठेवली होती. आत पाहिले तर फितीला मागून टेकू देणारी लहानशी नमद्याची गादी गळून पडली होती. फीत तशीच उचलून दुसऱ्या चांगल्या डबीत बसवली. आवाज मोकळा झाला. ओवीत त्यांच्या ओढ्याचे आणि वडाचे नाव आले. वड आता नाही. शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, “आजी अशी बोलायची?” यावर त्या गृहस्थांनी नुसती मान हलवली.

अशी फीत कायम टिकत नाही. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते, थर सुटू लागतो, उन्हाने डबी वाकते. म्हणून बी जसे वेळेवर सुकवून झाकतो तसे हे काम वेळेवर करावे.

कॅसेट वाचवण्याची रीत

१. पेट्या उतरवा. कॅसेटी कोरड्या, सावलीच्या जागी उभ्या लावून ठेवा. स्पीकर, मोटर, चुंबक यांपासून दूर ठेवा.

२. मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकची पाकळी असतात. ती मोडली की त्या कॅसेटवर चुकून दुसरे काही भरले जात नाही. घरच्या आवाजाच्या कॅसेटीची दोन्ही पाकळी आधी मोडा, मगच ती यंत्रात घाला.

३. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, वेगळी ठेवा. तिच्यामुळे यंत्र आणि दुसऱ्या कॅसेटी खराब होतात. ती जाणकाराकडेच द्या.

४. फीत सैल असेल तर सहा कडांच्या पेन्सिलीने चाक हळू फिरवून ताण घ्या. बरीच वर्षे पडून असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा.

५. टेपचे हेड आणि रबरी चाक मळलेले असते. हेड कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, रबरी चाक ओल्या फडक्याने. सुकू द्या. पहिल्यांदा बिनमोलाची कॅसेट लावून यंत्र फीत ओढत नाही ना, ते पाहा.

६. टेपच्या इअरफोनच्या भोकातून संगणकाला तार जोडून आवाज उतरवता येतो. तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्यांकडे ही सोय बहुधा असते. काहीच साधले नाही तर शांत खोलीत टेपसमोर मोबाइल ठेवून उतरवा. न करण्यापेक्षा ते बरे.

७. उतरवलेल्या आवाजाच्या तीन प्रती ठेवा, आणि त्या वेगवेगळ्या घरी. प्रत्येकीला नाव द्या: कोण, काय, कुठे, कोणत्या साली. नाव नसलेला आवाज दहा वर्षांनी अनोळखी होतो.

८. मूळ कॅसेट फेकू नका.

आणि ज्यांचा आवाज अजून फितीत गेलेला नाही, पण घरात आहे, त्यांचे काय? आईला, मावशीला, भजनीबुवांना विचारा. मोबाइल जवळ ठेवा, सुरुवातीला तारीख, गाव आणि त्यांचे नाव मोठ्याने बोला, मग म्हणू द्या. गाणे थांबवून त्या जुनी गोष्ट सांगू लागल्या तर यंत्र बंद करू नका, तीही हवी. चारचौघांत पाठवण्याआधी त्यांना विचारा. त्यांचा आवाज त्यांचा आहे.

हे काम घरात कोण करील? मुलांना यंत्र येते पण माणसे ओळखू येत नाहीत. वडीलधाऱ्यांना माणसे ठाऊक पण यंत्राची धास्ती. दोघांच्या मध्ये बसणारा माणूस हवा, ज्याला गाण्याचा नाद आहे आणि लिहायचा कंटाळा नाही. वर्षानुवर्षे ज्याला ‘नादिष्ट’ म्हणून हसलात, त्यालाच आता बोलवा. तो आपण स्वतः असाल तर या अमावास्येला, शेतकाम बंद असेल तेव्हा, माळ्यावर शिडी लावा. पेटी उतरवा, मुलाबाळांना भोवती बसवा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला.